डोळ्यांतली खंत की मोतीबिंदू?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ३४ वर्षांच्या, राहायला कोथरूडला. हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिण्याचं काम करतात, हातात महिना ८५ हजार येतात. गेली तीन वर्षं रविवार पुरवण्यांत आणि दिवाळी अंकांत प्रवास, जत्रा-उत्सव आणि घरच्या आठवणी यांवर लिहितात. आता नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करावं असं वाटतं. शिल्लक ८ लाख आहे. यजमान म्हणतात, ‘एक वर्ष करून बघ, नाही जमलं तर परत नोकरी धर.’ एका पर्यटन कंपनीनं लडाखची सहल फुकट देऊ केली आहे, बदल्यात चार लेख. शिवाय एक गाठ बसली आहे. गेल्या दिवाळीत आपल्या आत्यावर लिहिलेला त्यांचा लेख खूप गाजला, पण तेव्हापासून ८१ वर्षांच्या आत्या त्यांच्याशी बोलत नाहीत, फोनही उचलत नाहीत. पत्रलेखिका विचारतात: ‘नोकरी सोडू का? पुण्यात बसून काय लिहिणार? आणि जवळच्या माणसांवर लिहायचं नाही, तर लिहायचं तरी कुणावर?’

नमस्कार.

सहा पानी पत्र, त्यात नोकरीवर साडेचार पानं आणि आत्यांवर दीड. सोबतची सातही कात्रणं वाचली, आत्यांवरचा लेख दोनदा वाचला. तुम्ही चांगलं लिहिता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही त्याची वाट बघत बसणार नाही.

माझ्याबद्दलही एक सांगायला हवं. मी एकतीस वर्षं बँकेत नोकरी केली आणि रविवारी, रजेत, बदलीच्या गावी लिहीत राहिले. उडी कधी मारली नाही. तेव्हा माझा सल्ला काठावर उभ्या राहिलेल्या बाईचा आहे, तेवढी वजावट करून घ्या.

नोकरीचं नंतर बघू. आधी एक जुनी गोष्ट.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी नारायणगावला गेले होते. गुढीपाडव्याच्या आधीपासून तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या जत्रा कमिट्या येतात, सतरंजीवर बसतात, चहा होतो, तारखेवरून आणि पैशांवरून घासाघीस होते, सुपारी ठरते. एका राहुटीत मी दोन तास बसले. समोर फडाचे मॅनेजर, साठीच्या पुढचे, पांढरा सदरा, टोपी, मांडीवर लाल कापडात बांधलेली वही. बोलताना ते सारखे माझ्या खांद्यापलीकडे कुठंतरी बघत. डोळे पाणावलेले. घरी येऊन मी लिहिलं की त्यांच्या डोळ्यांत एका उतरत्या कलेची खंत साकळली होती. संपादकांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी त्याचाच मथळा केला. कौतुकाची तीन पत्रं आली, त्यातली दोन सदाशिव पेठेतून.

पुढच्या वर्षी मी अंक द्यायला गेले. हे काही माझं सौजन्य नव्हे. मध्यंतरी माझी बदली मंचरला झाली होती, म्हणून जाणं झालं. मॅनेजरांनी मला लांबूनच ओळखलं. अंक घेतला, उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, “बाई, खंत कसली? मोतीबिंदू होता. दिवाळीत काढला. आता तुम्ही नीट दिसताय.” मग वही उघडून दाखवली. ज्या साली मी उतरत्या कलेवर लिहिलं, त्या साली त्यांच्या फडाच्या चैत्रातल्या सगळ्या तारखांना सुपारी मिळालेली होती. “यंदा मात्र लोकसभा आहे, गावं हात आखडून आहेत. लिहायचं तर हे लिहा,” असंही म्हणाले. मी ते लिहिलं नाही. एकाच विषयावर लागोपाठ दोन वर्षं कोण छापणार, असं मला तेव्हा वाटलं होतं.

दोन तास त्या माणसासमोर बसून ‘यंदा धंदा कसा आहे’ एवढं मी विचारलं नव्हतं. काय लिहायचं ते शिवाजीनगर स्टँडवर एसटीत चढतानाच ठरलेलं होतं.

आता तुमचा आत्यांवरचा लेख. अकरा महिन्यांत सासर सोडून आलेली मुलगी, नारायण पेठेतला वाडा, रस्त्याकडची खिडकी. ‘आत्यानं उरलेलं आयुष्य त्या खिडकीशी काढलं,’ हे तुमचं वाक्य वाचकांनी एकमेकांना पाठवलं असणार. आणि पत्राच्या पाचव्या पानावर, कंसात, तुम्ही लिहिता: (आत्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, २९ वर्षं). लेखात हे कुठं आहे? मी तो दुसऱ्यांदा वाचला तो हेच शोधायला. नाहीच.

आत्या माहेरी परत आल्या हे चारचौघांना कळलं म्हणून त्या रागावल्या, असं तुम्ही धरून चालला आहात. अहो, नारायण पेठेत ज्यांना ते कळायचं त्यांना साठ वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. माझा अंदाज वेगळा आहे, चुकूही शकेल. तुम्ही अकरा महिन्यांची साठ वर्षं केलीत आणि २९ वर्षांचं शून्य. खिडकीशी बसलेली बाई! ती बाई साडी नीटनेटकी करून, डबा घेऊन, पाळीवर जात होती. परगावी बोलायचं तर आधी ट्रंक कॉल बुक करावा लागे, साधा, अर्जंट किंवा लाइटनिंग. अमुक माणूसच फोनवर हवा असेल तर पी.पी., म्हणजे पर्टिक्युलर पर्सन; आणि मग घरातल्या सगळ्यांनी फोनभोवती बसून वाट बघायची. कुणाचं बाळंतपण, कुणाचं निधन, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, हे सगळं ऑपरेटरच्या हातून जायचं. तीन मिनिटं झाली की तिचाच आवाज मध्ये यायचा. तुम्ही प्रवास आणि संस्कृतीवर लिहिता, आणि तुमच्या घरात नागपूरपासून बेळगावपर्यंत रोज बोललेली बाई आहे, तिला तुम्ही खिडकीत बसवून ठेवलंत. मीसुद्धा फोन उचलला नसता.

तेव्हा जवळच्या माणसांवर लिहायचंच नाही का, हा प्रश्न मला खरा वाटत नाही. लिहा की. सगळ्यांची परवानगी घेऊन मग लिहावं, हेही मला फारसं पटत नाही. तसे लेख पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात शोभतात. पण मोतीबिंदूनंतर मी एक पथ्य पाळलं. माणूस हयात असेल तर लेख छापायला देण्याआधी त्याला वाचून दाखवायचा. कागद हातात द्यायचा नाही, आपण मोठ्यानं वाचायचं. कागद दिला की माणूस काना-मात्रा तपासायला लागतो; ऐकताना मात्र जिथं लागतं तिथं हलतो, ते आपल्याला दिसतं. माहिती चुकली असेल तर तिथल्या तिथं दुरुस्त करायची. माझं मत पटलं नाही तर ते माझ्या नावावर राहू द्यायचं. एवढ्या वर्षांत दोघांनी ‘हे छापू नका’ म्हणून सांगितलं. एकाचा लेख मी ठेवून दिला, दुसरा छापला. छापला त्याबद्दल अजून रात्री कधीतरी जाग येते.

आणि नाव बदललं की झालं, असं समजू नका. पेठेत नाव बदलून काय होतं? चौकातला हौद, तळमजल्यावरचा इस्त्रीवाला आणि बोळाच्या तोंडाशी मारुती एवढं लिहिलंत की तिसऱ्या ओळीला लोक फोन फिरवायला लागतात.

‘पुण्यात बसून काय लिहिणार?’ या तुमच्या वाक्याखाली मी पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली आहे. तुमच्या बाकीच्या सहा कात्रणांत स्पिती, हंपी, मेघालय, कच्छ आणि दोनदा कोकण आहे. लेखांवरून दिवस मोजले: कुठं चार, कुठं तीन, मेघालयात सहा. प्रत्येक लेखात एक चहावाला आहे. प्रत्येक चहावाला गरीब, समाधानी आणि मोजकं पण मर्माचं बोलणारा. हिमाचलपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळे चहावाले एकाच स्वभावाचे कसे हो? एकाला तरी मेव्हण्याशी भांडण, दुकानाच्या जागेचा वाद, गुडघेदुखी असेल ना. चार दिवसांच्या ओळखीत माणसं अशीच गुळगुळीत दिसतात. दोष तुमच्या नजरेचा नाही, मुक्कामाचा आहे.

लेख लिहायला म्हणून प्रवासाला निघणं, हे तसं अलीकडचं. मराठीतलं जे जुनं प्रवासवर्णन आपण अजून आवडीनं वाचतो ते गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’. वरसईचे हे भटजी घरावरचं कर्ज फेडायला, उत्तरेत दक्षिणा मिळेल म्हणून निघाले आणि १८५७ च्या धुमश्चक्रीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. लिहून काढलं ते पुष्कळ वर्षांनी, आणि पुस्तक छापून आलं १९०७ मध्ये. इरावती कर्वे वारीत चालल्या त्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या. माणसं कशी एकत्र येतात आणि एकत्र चालतानाही कुठं वेगळी राहतात, हा त्यांचा रोजचा अभ्यास होता. दोघांकडेही जायला लेखापलीकडचं कारण होतं. तुमचं कारण सध्या लेख एवढंच आहे, आणि मग चहावाले लागतात.

एक करून बघा. पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बारा रविवार तिथं जा. पहिल्या दोन खेपांना पितळी समया, गंजकी कुलुपं, बंद पडलेली घड्याळं दिसतील आणि ‘काळाचा पसारा’ असलं काहीतरी सुचेल. ते घरी जाऊन लिहा आणि फाडून टाका, पोटातून एकदा निघून गेलेलं बरं. चौथ्या-पाचव्या रविवारी कुणीतरी विचारील, “ताई, घ्यायचंय काय नक्की?” तेव्हा खरं उत्तर द्या. आठव्या रविवारपर्यंत नुसते पान्हे आणि पकडी मांडणाऱ्याकडे गिऱ्हाईक कोण येतं ते तुमच्या लक्षात आलेलं असेल. माल कुठून येतो, बसायची जागा कशी ठरते, पाऊस आला की आधी काय झाकतात, पेठेत वाडा पडला की त्यातली तपेली इथं किती दिवसांत पोचतात. त्यातली एखादी समई तुमच्या ओळखीच्या वाड्यातलीही निघेल. याला रजा लागत नाही, तिकीट लागत नाही.

बाहेरच जायचं असेल तर मार्च २०२३ पासून आपल्या बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. वाकडेवाडीहून जुन्नर गाठा, पण वर्षातून एकदा नाही, सहादा. नाणेघाटातला जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आणि लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख यांवर दर पावसाळ्यात एक तरी पुरवणी लिहितेच, ते तुम्ही लिहायची गरज नाही. पावसाळी रविवारच्या गर्दीनं अलीकडच्या घाटघरात काय बदललं, पिठलं-भाकरीचा दर कोण ठरवतं, भाताची लावणी आणि गिऱ्हाइकं एकाच महिन्यात आली की घरातली बाई कुठं जाते, हे कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. ते कळायला तिथं श्रावणातही जायला हवं आणि मे महिन्यातही, टँकरची वाट बघत असतील तर तेव्हाही.

आता पैसे. तुमच्या पत्रात आकडे सगळे आहेत, बेरीज तेवढी नाही. हप्त्यातला तुमचा वाटा २२ हजार, घरखर्चातला १८. महिना ४० हजार धरले तर ८ लाख पुरतात वीस महिने, तेही एकदाही प्रवासाला न जाता. दिवाळी अंकाचं मानधन मला मिळालं ते बहुतेक वेळा दोन-अडीच हजार. काही ठिकाणी अंक आणि शुभेच्छा. अडीच हजारांनी तुमचा एक पगार म्हणजे ३४ लेख. महिन्याला. पुरवण्या याहून कमीच देतात.

शिवाय यात हंगाम आहे. ‘मनोरंजन’नं १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. विषय मे-जूनमध्ये ठरतात, लेख ऑगस्टपर्यंत जातो, अंक ऑक्टोबरच्या आसपास आणि चेक नवं वर्ष उजाडल्यावर, तोही दोनदा आठवण केल्यावर. म्हणून तुमच्या यजमानांचं ‘एक वर्ष करून बघ’ मनापासून आलेलं असलं तरी त्याचं माप चुकलंय. एका वर्षात दिवाळी एकदाच येते. एका हंगामावरून शेतकरीसुद्धा जमीन विकत नाही.

पूर्ण वेळ लिहून जगणारी माणसं पुण्यात आहेत, मी ओळखते त्यांना. ती भाषांतरं करतात, मुद्रितं तपासतात, संस्थांच्या स्मरणिका काढतात, कारखानदारांची चरित्रं त्यांच्याच नावावर लिहून देतात, ऑडिओसाठी संहिता करतात. पुण्यात पंचाहत्तरीला आलेल्यांची कधी वाण पडत नाही, ही त्यांच्या जमेची बाजू. माझी एक मैत्रीण वर्षाचे सात महिने दुसऱ्यांची आयुष्यं लिहिते आणि उरलेल्या पाचांत स्वतःचं. ती सुखात आहे. पण नोकरी सोडली की तुम्ही स्पितीला निघाल, असं जे चित्र तुमच्या डोळ्यांपुढे आहे ते काढून टाका. तुम्ही एका टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलाशी बसणार आहात, आणि त्या टेबलाला महिन्याची एक तारीख नसते.

माझं मत: आत्ता सोडू नका. तीन महिने बिनपगारी रजा मिळते का बघा, किंवा आठवड्याचे चार दिवस. आजकाल विचारलं तर ‘हो’ म्हणणारे साहेब भेटतात, आमच्या वेळी विचारायचीही सोय नव्हती. लिखाणाच्या पैशांचं वेगळं खातं काढा आणि दोन दिवाळ्या जाऊ द्या. त्या खात्यातून तुमच्या ४० हजारांतले निम्मे निघायला लागले तर मला न विचारता राजीनामा द्या. मात्र त्याआधी स्वतःचा आरोग्य विमा काढून ठेवा. कंपनीचा नोकरीबरोबर जातो, हे लोकांना दवाखान्यात आठवतं. नोकरीनं तुमची झोप उडाली असती, तब्येत बिघडली असती, तर मी उलट सांगितलं असतं. तुमच्या साडेचार पानांत मला कंटाळा दिसला. त्याच्यावर मी एकतीस वर्षं लिहिलं.

लडाखबद्दल थोडक्यात. ती सहल फुकट नाही, चार लेख ही तिची किंमत आहे. जायचं असेल तर ते लेख जाहिरातीचा मजकूर समजून, वेगळे पैसे घेऊन लिहा आणि पुरवणीला पाठवू नका. पुरवणीतच द्यायचे असतील तर वर एक ओळ हवी: हा प्रवास अमुक कंपनीच्या खर्चानं झाला. ती ओळ लिहायला हात अडखळत असेल तर जाऊ नका. त्यांच्या मेलमधलं ‘सर्व हक्क कायमस्वरूपी कंपनीकडे’ हे मात्र खोडायला लावा. तुम्ही त्यांच्या पगारी नोकर नाही, तेव्हा लेखाच्या पहिल्या मालक तुम्हीच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं हा हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कायदा लेखकाचा एवढा विचार करतो, आणि आपण ‘कायमस्वरूपी’ शब्दावर आनंदानं सही करून मोकळे होतो. मी दोनदा केली आहे.

राहता राहिल्या आत्या. त्या फोन उचलत नाहीत म्हणता. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेली बाई फोन उचलत नसेल तर तो तिचा निरोपच समजा आणि घरी जा. अंक नेऊ नका, वही नेऊ नका, मोबाइल पर्समध्ये राहू दे. माफी मागायची ती एकदाच, चपला काढता काढता, आणि लेखाचा विषय आपण होऊन काढायचा नाही. त्यांनी चहा टाकला तर बसा. नाही टाकला तर पुढच्या रविवारी पुन्हा जा, जुना बाजार उरकून.

बोलायला लागल्या की लग्नाचं विचारू नका, नोकरीचं विचारा. पहिल्या दिवशी हेडसेट कानाला लावला तेव्हा पलीकडून कोण बोललं. बरोबरीच्या मुली कोण होत्या, त्या कुठं असतात. आणि एक माझ्यासाठी विचारा, पत्र वाचल्यापासून मला ते सुचत राहिलंय. त्यांची पाळी रात्री उशिरा सुटायची, असं तुम्ही त्याच कंसात पुढं लिहिलंय. वाड्याचा दरवाजा तोवर बंद झालेला असणार. तर १९७५ सालच्या नारायण पेठेत, रात्री साडेदहाला कामावरून परत येणाऱ्या, नवऱ्याला सोडून आलेल्या बाईसाठी मोठ्या दरवाजातली छोटी दिंडी कोण उघडत होतं? तुमची आजी? एखादा भाडेकरू? की आत्या आल्याशिवाय आतून कडी लावायचीच नाही, असं त्या वाड्यात ठरलेलं होतं?